तिला सांगू नका

फ्रेमच्या दुकानात सकाळी सगळ्यांच्या आधी धाकटी यायची. शटर वर करायचं, लांब टेबलावरचा काचेचा चुरा ओल्या फडक्यानं टिपायचा आणि गिऱ्हाईक यायच्या आत कालचे राहिलेले माउंट कापून टाकायचे, असा तिचा लग्नानंतरचा शिरस्ता. फोटो आणि चौकट यांच्या मधला जाड पुठ्ठा म्हणजे माउंट. त्याची आतली कड तिरकी कापावी लागते, आणि कोपऱ्याशी हात जरा जरी सरकला तरी अख्खा पुठ्ठा वाया. ते काम धाकटीइतकं सफाईनं घरात कुणालाच जमत नसे. सासरे हे गिऱ्हाइकांपुढे मरेपर्यंत कबूल करणार नव्हते, पण नाजूक काम आलं की गपचूप तिच्या पुढ्यात सरकवत.

त्या दिवशी मात्र तिनं पट्टी उचलली आणि सासऱ्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

“राहू दे. पंख्याखाली बस जरा.”

धाकटी बघतच राहिली. या माणसानं तिला आजवर ‘लवकर आटप’ म्हटलं होतं, ‘नीट पकड’ म्हटलं होतं. ‘बस’ कधी म्हटलं नव्हतं. ती बसली तोच नवरा घरातून दुधाचा पेला घेऊन आला. घरात पेले कुठल्या फळीवर असतात हे ज्याला ठाऊक नव्हतं, त्यानं दूध गरम करून, वर झाकण ठेवून आणलं होतं. दुपारी ती घरी गेली तर थोरल्या जावेनं तिच्या वाटणीचे कपडे धुऊन वाळत घातलेले. लेकीला कुणीतरी बजावलं होतं वाटतं. एरवी आल्या आल्या शाळेतल्या तक्रारींचा पाढा वाचणारी पोर आईला नुसतीच बिलगली आणि कितीतरी वेळ सुटेना.

या घरात लाड दोघांचेच व्हायचे, पाहुण्याचे आणि जो जायला निघालाय त्याचे. धाकटी पाहुणी नव्हती. 

खोकला तिला दोन वर्षं होता. छातीत डाव्या बाजूला शिट्टी वाजायची. दमा म्हणून फवारा झाला, धुळीची ॲलर्जी म्हणून गोळ्या झाल्या. दोनदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा डाव्याच बाजूला. मग गल्लीतले डॉक्टर म्हणाले, आता मोठ्या दवाखान्यात दाखवा. तिथं घशातून बारीक दुर्बीण उतरवून श्वासनळीतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी नवरा आणि सासरे तिला घेऊन गेले, पण नाव पुकारल्यावर सासरे म्हणाले, “तू इथंच बस. गर्दी कशाला आत?” छाती तिची, खोकला तिचा, तुकडाही तिच्याच अंगातला, पण गर्दी तिची होत होती. दोघे आत गेले, दार लागलं. बाहेर आले तेव्हा सासऱ्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि नवरा जिन्याकडे बघत होता.

“काय म्हणाले?”

“काही नाही गं. जुना कफ धरलाय. औषधानं जाईल.”

त्या रात्री जेवताना तिनं पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं. उत्तर तेच, फक्त दर वेळी जरा जास्त गोड आवाजात. दवाखान्यात नोंदवलेला फोन नंबर नवऱ्याचा होता. फोन आला की तो जिन्यात जाऊन बोलायचा आणि आत येऊन म्हणायचा, “दुकानाचं होतं.” एकटीनं ती कुठं निघाली की कुणीतरी चपला घालून सोबत निघायचंच. ‘दम लागेल तुला.’ दम तिला घरात बसून लागत होता.

त्या घराची रीत जुनी होती आणि त्या रीतीला सगळे माया म्हणत. मोठ्या दुखण्याचं नाव घ्यायचं नाही. नाव फक्त घरातल्या कर्त्याला माहीत, त्यानं ते पोटात ठेवायचं, आणि ज्याला दुखणं त्याला शेवटपर्यंत सांगायचं ‘काही नाही’. चारचौघांत याचं कौतुकही व्हायचं: बघा, कसं जपलं, शेवटच्या दिवसापर्यंत पत्ता लागू दिला नाही. जसं काही माणसाला त्याच्याच आयुष्याबद्दल अंधारात ठेवणं ही मोठी कमाई होती. आपल्यापैकी किती घरांत ही कमाई अजून चालू आहे, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

धाकटीला खरं सांगितलं ते काचवाल्यानं, आणि तेही नकळत. तो काचेची खोकी उतरवायला आला होता. मोठा बडबड्या माणूस. त्या दिवशी मात्र खोकी भिंतीशी लावून तो तिच्यासमोर टोपी काढून उभा राहिला.

“वहिनी, धीर सोडू नका. आमच्या साडूलाही झाला होता. कॅन्सर म्हणजे काही लगेच सगळं संपलं असं नसतं.”

“कुणाला झालाय?” धाकटी म्हणाली.

काचवाल्याचा चेहरा पडला. त्यानं टोपी घातली, पुन्हा काढली. “चुकलो वहिनी. मला वाटलं… सगळ्यांना माहीत आहे ना, म्हणून मला वाटलं…” आणि पावतीवर सही न घेताच तो निघून गेला.

सगळ्यांना माहीत होतं. काचवाल्याला, म्हणजे समोरच्या किराणावाल्याला, म्हणजे गेल्या आठवड्यात सफरचंदं घेऊन ‘सहजच’ आलेल्या शेजारणीला. लेकीलासुद्धा. त्या बिलगण्याचा अर्थ आता तिला लागला. अख्ख्या गल्लीत कॅन्सर ज्याला झाला होता ते एकच माणूस कोरडं राहिलं होतं. ती खुर्चीत बसली. मरणाची भीती वाटली हे खरंच, पण तिच्याहून आधी अपमान वाटला. आपल्याला मोजलंच नाही कुणी.

दुकानामागच्या खोलीत थोरली चौकटींच्या पाठीला पुठ्ठे चिकटवत होती. थोरली म्हणजे मोठ्या दिराची बायको. तीन वर्षांपूर्वी दीर गेले, तेही छातीतल्या गाठीनं, तेही ऑपरेशन करून. तेव्हापासून घरात एक गोष्ट पक्की ठरून गेली होती: चाकू लागला की ती गाठ खवळते आणि पसरते. थोरली त्यावर हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे. ती एकूणच फारसं बोलत नसे.

“ताई,” धाकटी दारात उभी राहून म्हणाली, “मला कॅन्सर आहे का?”

थोरलीच्या हातातला डिंकाचा ब्रश तसाच राहिला.

“तुम्हीपण काही नाही म्हणालात, तर मी आत्ता या दारातून रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारीन. त्यांना माहीत असेल.”

“आहे,” थोरली म्हणाली. मग तिनं ब्रश पाण्यात टाकला, हात पुसले आणि आतून कडी लावली. “आणि बाबांनी ठरवलंय, ऑपरेशन करायचं नाही. ह्यांच्यासारखं होईल म्हणतात.”

“पण तसंच झालं होतं ना? चाकूनं पसरला ना त्यांचा?”

थोरली तिच्याशेजारी बसली. बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

“ऑपरेशन चांगलं झालं होतं गं. पंधरा दिवसांत दुकानात आले होते, आठवतंय ना? पण डॉक्टर म्हणाल्या होत्या, हे अर्धंच झालं, आता इंजेक्शनं घ्यायची, सलाइनमधून. बाबा म्हणाले, ते त्याला सांगायचं नाही, त्याची उमेद खचेल. त्याला सांगा गाठ निघाली, तू बरा झालास. मग हे मला म्हणायचे, अगं, बऱ्या माणसानं कशाला सुया टोचून घ्यायच्या? दवाखान्याचा फोन आला की चिडायचे. मी बाबांना म्हटलं, सांगूया त्यांना. मला म्हणाले, तू गप्प बस, तुला काय कळतंय त्यातलं. मी बसले.” तिनं पदरानं नाक पुसलं. “वर्ष नाही काढलं. मग सगळे म्हणायला लागले, चाकूनं गेला. तेच बरं होतं सगळ्यांना.”

 बाहेर सासरे गिऱ्हाइकाला सांगत होते, “सोनेरी पट्टी घ्या, भिंतीला शोभा येते.”

घराबाहेर पडायला निमित्त लागणार होतं. थोरलीनं ते काढलं: धाकटीला चष्म्याचा नंबर काढून आणते. सासऱ्यांना थोरलीवर संशय घ्यायची सवयच नव्हती. बोलत नाही ती बाई काय करणार, असा त्यांचा हिशोब.

ऑपरेशनच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला तुटक. दिरांचं ऑपरेशनही त्यांनीच केलं होतं. त्यांनी धाकटीचं नाव बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

“आता मन बदललं का? ऑपरेशन नको म्हणालात तेव्हाच मला वाईट वाटलं होतं.”

“कोण नको म्हणालं?”

“तुम्ही. तुमच्या मिस्टरांचा फोन आला ना. पेशंट अजिबात तयार नाही, म्हणाले. रडते म्हणाले.”

धाकटीला एकदम हसू आलं, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. तिच्या आजाराबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते समजण्यासारखं होतं. पण तिच्या वतीनं नकारसुद्धा देऊन झाला होता, वर ती रडलीही होती.

“मला आज कळतंय,” ती उबळ ओसरल्यावर म्हणाली. “काचवाल्याकडून.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “तुमचे सासरे म्हणाले, सून फार घाबरट आहे, आम्ही घरी सावकाश सांगतो. मी मान्य केलं. मी तुम्हाला आत बोलवायला हवं होतं. ती चूक माझी.” मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “आता विचारा. काय वाटेल ते.”

“दिरांसारखंच होणार का माझं?”

“नाही. घरात सगळ्यांनी ‘गाठ’ एवढा एकच शब्द धरून ठेवलाय. एका आडनावाची सगळी माणसं सारखी असतात का? तुमचे दीर गेले तो लहान पेशींचा कॅन्सर. भराभर वाढतो. गाठ छोटी दिसते तेव्हाच त्याचे कण रक्तातून इकडेतिकडे गेलेले असू शकतात. नुसत्या चाकूनं तो आवरत नाही, म्हणून त्यावर इंजेक्शनं लागतात. तुमचा प्रकार निराळा. त्याला कार्सिनॉइड म्हणतात. सावकाश वाढतो, एका जागी बसून राहतो. वेळेत आणि पूर्ण काढला तर पाच वर्षांनी शंभरातले नव्वदाहून जास्त लोक हिंडत-फिरत असतात. बहुतेकांना पुढं दुसरं काही औषधही लागत नाही.”

“आणि काढला नाही तर?”

“तो श्वासनळीच्या वाटेत बसलाय. पलीकडचा भाग वरचेवर पिकतोय, तोच तुमचा न्यूमोनिया. आज फुप्फुसाचा एक भाग काढून काम होईल. थांबलात तर कदाचित डावं फुप्फुस सगळंच द्यावं लागेल. आणि हा सहसा पसरत नाही. पण सहसा म्हणजे कधीच नाही, असं नव्हे.”

“चाकूनं खवळतो म्हणतात.”

“चाकूनं नाही खवळत.”

तेवढ्यात थोरली बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. “ह्यांनी ती इंजेक्शनं घेतली असती तर?”

डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. त्या तिच्याशीही खोटं बोलल्या नाहीत. “इतक्या लवकर सापडलेल्यांपैकी, ऑपरेशन करून इंजेक्शनं घेतली तर, साधारण निम्मे पाच वर्षांच्या पुढं जातात. निम्मे जात नाहीत. ते कुठल्या निम्म्यात होते, हे मला सांगता येणार नाही.”

थोरलीनं मान हलवली. येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली, आणि धाकटीनं तिचा हात धरून ठेवला.

ऑपरेशन मंगळवारी ठरलं. संमतीच्या कागदावर धाकटीनं स्वतः सही केली. तिची एकटीची सही चालते, हेही तिला त्या दिवशीच कळलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर तिनं विषय काढला. लेकीला उठवून आत पाठवायला सासऱ्यांनी तोंड उघडलं, तर धाकटी म्हणाली, “राहू दे तिला. तिला माझ्याआधी कळलंय.” मग म्हणाली, “मला कॅन्सर आहे. मंगळवारी ऑपरेशन आहे.”

तो शब्द त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला गेला. छत कोसळलं नाही.

“या घरात ते नाव घ्यायचं नाही,” सासरे म्हणाले.

“का नाही घ्यायचं? नाव घेतलं नाही म्हणून तर कळलं नाही ना कुणाला, की भाऊजींचा वेगळा होता आणि माझा वेगळा आहे ते.” ती नवऱ्याकडे वळली. “मी नको कधी म्हणाले हो? कधी रडले मी?”

नवरा ताटातल्या भाताकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. वाईट माणूस नव्हता तो. आयुष्यात वडिलांपुढे ‘पण’ एवढा शब्दही त्याला कधी काढता आला नव्हता, एवढंच. आणि तेवढं पुरलं होतं.

“एक मुलगा मी चाकूखाली घातला,” सासऱ्यांचा आवाज चढला. “तेव्हाही हेच म्हणाले होते, गाठ निघाली, गाठ निघाली! आता पुन्हा नाही. मी कर्ता आहे या घरात. माझं माणूस मी त्या टेबलावर जाऊ देणार नाही.”

“चाकूनं नाही गेले ते,” थोरली म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तिनं वाढता वाढता हातातलं भांडं खाली ठेवलं होतं.

“इंजेक्शनं राहिली, बाबा. त्यांना सांगितलं असतं तर घेतली असती त्यांनी. ते भित्रे नव्हते. तुम्हीच त्यांना भित्रं ठरवलंत, आणि आता हिला ठरवताय.”

सासरे ताटावरून उठले. त्यांच्या हाताचा धक्का लागून पेला कलंडला आणि पाणी सगळ्यांच्या ताटांखालून वाहत गेलं. खोलीच्या दारात ते थांबले. “जा मग. माझ्याकडून कुणी येणार नाही.” दार लागलं. लेक उठली आणि तिनं फडकं आणलं.

मंगळवारी पहाटे धाकटी पिशवी घेऊन खाली उतरली. थोरली सोबत होती. कोपऱ्यापर्यंत गेल्या असतील, तोच मागून पावलं वाजली. नवरा अर्धवट बटणं लावलेल्या शर्टात धावत आला होता. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि सोबत चालू लागला. धाकटीनं ती घेऊ दिली. माफ केलं नव्हतं, पण पिशवी जड होती.

डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. गाठ पूर्ण निघाली, आजूबाजूच्या ग्रंथी स्वच्छ होत्या, दुसऱ्या औषधाची गरज नव्हती. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी तिच्या कॉटपाशी उभं राहून तिला सांगितलं. छातीत नळी होती, हसताना कळ यायची, तरी ती हसली.

घरी आल्यावर सासरे तिच्याशी बोलत नव्हते. दुकानात जायचे, यायचे, जेवायचे. धाकटीला दवाखान्यातून श्वासाच्या व्यायामाचं एक यंत्र मिळालं होतं: तीन नळ्या, प्रत्येकीत एक चेंडू. नळीतून श्वास ओढला की चेंडू वर जातात. दुपारी घर शांत असताना ती खाटेवर बसून ते करायची.

एके दुपारी सासरे दारात येऊन उभे राहिले. दुकान सोडून या वेळी ते कधी घरी येत नसत. बराच वेळ ते त्या चेंडूंकडे बघत राहिले.

“किती जातात वर?”

“दोन. तिसरा अजून हलत नाही.”

“हं.” ते आत आले, स्टुलावर बसले. गुडघ्यांवर ठेवलेले हात त्यांनी एकदा उलटे केले, एकदा सुलटे. केवढे थकले होते ते, हे तिला आजच दिसलं. “थोरली बोलली ते… त्या इंजेक्शनांचं. डॉक्टरीणबाईंना विचारलं होतंत तुम्ही?”

“विचारलं होतं.”

“मग? वाचला असता का तो?”

धाकटीनं यंत्र बाजूला ठेवलं. ‘नाही हो बाबा, त्यांचं आयुष्यच तेवढं होतं’, हे वाक्य अगदी जिभेवर होतं. किती सोपं होतं ते. म्हातारा ते घेऊन खोलीत गेला असता आणि आज तरी शांत झोपला असता. मायेनंच बोलली असती ती. या घरातलं प्रत्येक खोटं मायेनंच बोललं गेलं होतं. तिला त्यांची दया आली, इतकी की डोळे भरून आले.

“निम्मी शक्यता होती,” ती म्हणाली. “कदाचित इंजेक्शनं घेऊनही गेले असते. नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण निम्मी होती.”

सासऱ्यांनी चष्मा काढून हातात धरला.   मग ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “हे कशाला सांगितलंस मला? या वयात कशाला सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत म्हणून,” धाकटी म्हणाली. “मीपण विचारलं होतं, बाबा.”